कोनाच्या बदलाचा दर : व्यस्त त्रिकोणमितीय फलनांचे अवकलन

त्रिकोणमितीत प्रश्न दोन प्रकारे विचारला जातो. कोन दिलेला असतो आणि त्यावरून बाजूंचे गुणोत्तर काढायचे असते, हा पहिला प्रकार; गुणोत्तर हाती असते आणि त्यावरून कोन शोधायचा असतो, हा दुसरा. भूमापक, खगोलज्ञ आणि नाविक यांच्या वाट्याला पुष्कळदा दुसराच प्रश्न येतो, कारण उंची, अंतर, सावलीची लांबी या गोष्टी मोजून मिळतात आणि कोन त्यांच्यावरून ठरवावा लागतो. गुणोत्तरावरून कोन देणाऱ्या नियमांना व्यस्त त्रिकोणमितीय फलने म्हणतात. फलन म्हणजे एका संख्येला ठरावीक रीतीने दुसरी एकच संख्या जोडून देणारा नियम, आणि तोच नियम उलट दिशेने वाचला की त्याचे व्यस्त फलन मिळते.

ही व्यस्त फलने स्वभावाने अवघड आहेत. गुणोत्तर ०.३ असेल तर कोन किती, याचे उत्तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे काढणे यांच्या कोणत्याही मर्यादित मिश्रणाने मिळत नाही, म्हणून गणितात या फलनांना बीजातीत, म्हणजे बीजगणिताच्या नेहमीच्या क्रियांच्या पलीकडची, असे म्हटले जाते. परंतु गुणोत्तर थोडेसे बदलले तर कोन किती वेगाने बदलेल, असा प्रश्न केला की उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे येते : त्यात कोनाचा मागमूसही उरत नाही, उरते ते एक वर्गमूळ किंवा एक साधा अपूर्णांक. बदलाच्या या क्षणिक दराला अवकलज म्हणतात आणि तो काढण्याच्या क्रियेला अवकलन. अवघड फलनाचा अवकलज इतका सोपा का निघतो आणि त्या सोपेपणाने गणिताला काय मिळवून दिले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

व्यस्त फलनाकडे वळण्याआधी एक अडचण दूर करावी लागते. साइन म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरील बाजू भागिले कर्ण. एक एकक त्रिज्येच्या वर्तुळावर पाहिले, तर परिघावरील बिंदूची आडव्या व्यासापासूनची उंची. ३० अंशाची साइन ०.५ आहे, १५० अंशाचीही ०.५ आहे आणि एक पूर्ण फेरा मारून आलेल्या ३९० अंशाचीही तेवढीच आहे. मग उंची ०.५ असताना कोन कोणता, या प्रश्नाला असंख्य उत्तरे होतात आणि असंख्य उत्तरे देणारा नियम फलन म्हणवून घेऊ शकत नाही. म्हणून गणितज्ञ कोनाचा एक पट्टा ठरवून घेतात. व्यस्त साइनसाठी तो उणे ९० अंशांपासून ९० अंशांपर्यंत असतो, व्यस्त कोसाइनसाठी ० पासून १८० अंशांपर्यंत, आणि व्यस्त टॅनसाठी पुन्हा उणे ९० ते ९०, मात्र दोन्ही टोके वगळून. या पट्ट्यातील उत्तराला मुख्य मूल्य म्हणतात. ही निवड सोयीची आहे, निसर्गाने दिलेली नाही, आणि पुढे एका ठिकाणी तिच्यामुळे चिन्हांचा घोळ कसा होतो तेही दिसेल.

दुसरी अट मापनाची आहे. अवकलनात कोन अंशांत न मोजता रेडियनमध्ये मोजतात. त्रिज्या एक असताना कोनासमोरील कंसाची जी लांबी तेच कोनाचे माप, असा त्याचा अर्थ. ९० अंश म्हणजे १.५७०८ रेडियन आणि ३० अंश म्हणजे ०.५२३६ रेडियन. कोन आणि लांबी एकाच मापाने मोजली गेल्यामुळे पुढील सारी सूत्रे सुटसुटीत दिसतात. अंश वापरले तर प्रत्येक सूत्रात १८० आणि पाय (π) यांचा एक गुणक निष्कारण वागवावा लागतो.

आता वर्तुळावरील एक बिंदू घ्यावा. केंद्रापासून त्याच्याकडे जाणारी त्रिज्या आडव्या रेषेशी थ एवढा कोन करते आणि बिंदूची उंची क्ष आहे. त्रिज्या हा कर्ण, उंची ही उभी बाजू, आणि पायथागोरसच्या प्रमेयाने आडवी बाजू √(१ − क्ष²). हा मोठा त्रिकोण झाला. बिंदू परिघावरून किंचित वर सरकला, तर त्याने कापलेला कंस इतका लहान असतो की तो सरळ रेषेसारखाच वागतो, आणि ही रेषा त्रिज्येला लंब असते. या इवल्या कंसाला कर्ण मानून एक चिमुकला काटकोन त्रिकोण काढला, तर त्याची उभी बाजू म्हणजे उंचीत पडलेली भर. कंस त्रिज्येला लंब असल्याने लहान त्रिकोण हा मोठ्या त्रिकोणाचाच काटकोनात फिरवलेला आणि आकाराने आक्रसलेला अवतार असतो. मोठ्याची आडवी बाजू लहानाच्या उभ्या बाजूशी जुळते. दोन्ही त्रिकोण समरूप असल्याने उंचीतील भर भागिले कंस हे गुणोत्तर √(१ − क्ष²) भागिले १ एवढे येते. कंस म्हणजेच कोनातील भर. म्हणून उंचीच्या एका एककामागे कोन किती वाढतो, याचे उत्तर १ भागिले √(१ − क्ष²). व्यस्त साइनचा अवकलज तो हाच.

या युक्तिवादात कोन कोठे नाहीसा झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. साइनच्या वाढीचा दर कोसाइन असतो, हे सर्व पाठ्यपुस्तके सांगतात. उलट दिशेने जाताना त्याचा व्यस्तांक घ्यावा लागतो, म्हणजे १ भागिले कोसाइन. पण साइन आणि कोसाइन या एकाच काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू असल्याने एक कळली की दुसरी पायथागोरसच्या प्रमेयाने कळते आणि मधल्या कोनाची गरजच पडत नाही. बीजातीत फलनाचा अवकलज बैजिक निघण्याचे सारे रहस्य या एका प्रमेयात आहे.

सूत्र खरे आहे की नाही, हे आकड्यांनी पडताळता येते. क्ष ०.५ असताना सूत्राने दर १.१५४७ येतो. ०.५ चा कोन ०.५२३५९९ रेडियन, ०.५१ चा ०.५३५१८५ रेडियन; फरक ०.०११५८६, आणि त्याला ०.०१ ने भागले की १.१५८६. बदल ०.०१ ऐवजी ०.००१ घेतला तर भागाकार १.१५५१ येतो, म्हणजे बदल जसजसा लहान तसतसा तो सूत्राने दिलेल्या किमतीकडे सरकतो. सूत्राचे दुसरे अंग टोकाशी दिसते. क्ष ० पासून ०.०१ झाला तर कोन ०.५७ अंशांनी वाढतो. तोच क्ष ०.९९ पासून १ झाला तर कोन ८.११ अंशांनी, म्हणजे चौदा पटींनी अधिक, वाढतो. क्ष १ च्या जवळ गेला की छेदातील वर्गमूळ शून्याकडे जाते आणि दर अमर्याद होतो. वर्तुळाच्या माथ्यावर बिंदू आडवाच सरकत असतो, उंची जवळजवळ वाढत नाही आणि कोन मात्र बदलत राहतो.

झोपाळ्याच्या हालचालीत हेच सूत्र प्रत्यक्ष दिसते. लहान झोका घेणारा झोपाळा मध्यापासून जितका दूर, तितका त्याचा वेग कमी, आणि हा वेग √(१ − क्ष²) च्या प्रमाणात असतो, येथे क्ष म्हणजे मध्यापासूनचे अंतर भागिले झोक्याचे सर्वांत मोठे अंतर. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला लागणारा वेळ वेगाच्या व्यस्तांकाची बेरीज करून मिळतो, म्हणजेच व्यस्त साइनने. ०.५ चा कोन ३० अंश, आणि ३० हा ९० चा तिसरा हिस्सा; म्हणून झोपाळा मधल्या निम्म्या अंतरात एकतृतीयांश वेळच असतो आणि उरलेला दोनतृतीयांश वेळ दोन्ही टोकांकडच्या निम्म्या अंतरात काढतो.

व्यस्त कोसाइनचे सूत्र वेगळे शोधावे लागत नाही. एकाच गुणोत्तराचे व्यस्त साइन आणि व्यस्त कोसाइन यांची बेरीज नेहमी काटकोन भरते, म्हणून एक जेवढ्याने वाढते तेवढ्याने दुसरे घटते आणि त्याचा अवकलज उणे १ भागिले √(१ − क्ष²) होतो. व्यस्त सेकंटच्या बाबतीत मात्र पाठ्यपुस्तकांत मतभेद आढळतो. सेकंट म्हणजे कोसाइनचा व्यस्तांक. त्याच्या व्यस्त फलनाचा अवकलज काही पुस्तके १ भागिले क्ष √(क्ष² − १) असा देतात, तर काही क्ष च्या जागी क्ष चे केवलमूल्य, म्हणजे चिन्ह काढून टाकलेली किंमत, लिहितात. दोन्ही बरोबर असू शकतात. मुख्य मूल्याचा पट्टा ० ते १८० अंश (९० वगळून) घेतला तर आलेख सर्वत्र चढता राहतो आणि ऋण क्ष साठी केवलमूल्य अपरिहार्य ठरते; पट्टा ० ते ९० आणि १८० ते २७० असा तोडून घेतला तर केवलमूल्याची गरज राहत नाही. पट्टा न सांगता नुसते सूत्र देणारे पुस्तक वाचकावर अन्याय करते.

आतापर्यंतचे विवेचन आधुनिक भाषेत झाले, पण व्यस्त साइनच्या अवकलजाची गरज प्रथम भासली ती पंचांग करणाऱ्यांना. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्यास लागणारा काळ. तिथी केव्हा संपेल हे सांगायचे तर चंद्राची त्या क्षणाची गती लागते, आणि चंद्र एका गतीने चालत नाही. भारतीय ज्योतिषांनी यासाठी एक प्रतिमान वापरले. चंद्राचे सरासरी स्थान आधी काढायचे, मग तो आपल्या कक्षेतील सर्वांत दूरच्या बिंदूपासून, म्हणजे मंदोच्चापासून, किती पुढे गेला आहे तो कोन घ्यायचा, त्याला केंद्र म्हणतात. या केंद्राच्या ज्येला एका ठरावीक अपूर्णांकाने गुणायचे आणि येणाऱ्या संख्येचा चाप काढून तो सरासरी स्थानात मिळवायचा किंवा वजा करायचा. ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन, आणि ज्येवरून चाप काढणे म्हणजेच व्यस्त साइन. चंद्रासाठी तो अपूर्णांक ७/८० धरला जाई.

स्थान व्यस्त साइनने मिळत असेल तर गती तिच्या अवकलजाने मिळणार, हे उघड आहे. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविडचे भास्कराचार्य यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत तात्कालिक गतीची, म्हणजे त्या त्या क्षणाच्या गतीची, कल्पना स्पष्टपणे मांडली आणि ज्येच्या वाढीचा दर कोटिज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात असतो हे सांगितले. भास्कराचार्यांच्या घराण्याने तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे तेथील शिलालेखावरून कळते, आणि तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

व्यस्त साइनचा अवकलज त्याच्या वर्गमूळासह पूर्णपणे सांगितलेला आढळतो तो केरळात, नीलकंठ सोमयाजी यांच्या तंत्रसंग्रह या ग्रंथात, ज्याचा काळ इ.स. १५०० च्या सुमाराचा आहे. त्यांचा नियम आजच्या भाषेत असा आहे : केंद्राच्या कोटिज्येला ७/८० ने गुणून कोटिफल काढावे, त्याला केंद्राच्या दैनंदिन गतीने गुणावे, आणि गुणाकाराला एका वर्गमूळाने भागावे, हे वर्गमूळ म्हणजे त्रिज्येच्या वर्गातून बाहुफलाचा, म्हणजे ७/८० ने गुणलेल्या ज्येचा, वर्ग वजा करून उरलेल्या संख्येचे मूळ. आलेले उत्तर सरासरी गतीत स्थितीप्रमाणे मिळवावे किंवा वजा करावे. शृंखला नियम, म्हणजे एका फलनाच्या पोटात दुसरे फलन असेल तर दोघांच्या दरांचा गुणाकार करण्याचा नियम, आज बारावीचा विद्यार्थी जसा वापरतो, तसाच तो येथे शब्दांत उभा आहे : बाहेरच्या व्यस्त साइनचा दर त्या वर्गमूळात आणि आतल्या साइनचा दर कोटिफलात.

या नियमाने किती फरक पडतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. चंद्राची सरासरी गती दिवसाला सुमारे १३ अंश १० कला आणि केंद्राची सुमारे १३ अंश ४ कला. मंदोच्चाशी केंद्र शून्य असते, तेथे दुरुस्ती १३.०६५ गुणिले ७/८०, म्हणजे १.१४ अंश, आणि स्पष्ट गती सुमारे १२ अंश २ कला; समोरच्या टोकाला ती १४ अंश १९ कलांपर्यंत जाते. या दोन्ही ठिकाणी ज्या शून्य असल्याने वर्गमूळाचा काही परिणाम होत नाही. केंद्र ६० अंश असताना मात्र वर्गमूळ ०.९९७१ येते, ते गाळले तर दुरुस्ती ०.५७१६ अंश, धरले तर ०.५७३२ अंश. फरक दिवसाला सहा विकलांच्या आसपास आहे. नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्याला सहा विकला दिसण्याची सुतराम शक्यता नव्हती. तरीही नीलकंठांनी वर्गमूळ लिहिले, कारण युक्तिवाद तेथे पोहोचवत होता. नियम निरीक्षणाला पुरेसा जुळतो एवढ्यावर समाधान न मानता तो पूर्ण खरा असावा, हा आग्रह त्यात दिसतो आणि गणिताच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

याच परंपरेत व्यस्त टॅनचा अवकलजही सापडतो, आणि तो अधिक देखणा आहे. ज्येष्ठदेव यांनी १५३० च्या सुमारास मलयाळम गद्यात लिहिलेल्या युक्तिभाषेत त्याची उपपत्ती येते, आणि मूळ शोधाचे श्रेय चौदाव्या शतकातील संगमग्रामचे माधव यांना दिले जाते. एक एकक त्रिज्येच्या वर्तुळाला उजव्या टोकाशी स्पर्श करणारी उभी रेषा, म्हणजे स्पर्शिका, काढावी आणि तिच्यावर स्पर्शबिंदूपासून क्ष उंचीवर एक बिंदू घ्यावा. केंद्रापासून त्या बिंदूपर्यंतची रेषा हा कर्ण, त्याची लांबी √(१ + क्ष²), आणि त्याचा आडव्या रेषेशी होणारा कोन म्हणजे क्ष चा व्यस्त टॅन. आता स्पर्शिकेवरचा बिंदू एका लहानशा तुकड्याएवढा वर सरकवावा. तुकडा कर्णाच्या दिशेला तिरपा आहे. त्याचा कर्णाला लंब असलेला भाग समरूप त्रिकोणांवरून तुकडा भागिले कर्ण एवढा भरतो. हा लंब केंद्रापासून कर्णाएवढ्या अंतरावर आहे, पण कोन मोजायचा तो एक एकक अंतरावरील वर्तुळावर. म्हणून पुन्हा एकदा कर्णाने भागावे लागते. दोनदा कर्णाने भागणे म्हणजे कर्णाच्या वर्गाने भागणे, आणि कर्णाचा वर्ग १ + क्ष². कोनातील भर म्हणजे तुकडा भागिले (१ + क्ष²). पहिला भागाकार तिरपेपणासाठी, दुसरा अंतरासाठी, असे या सूत्राच्या छेदाचे दोन्ही घटक डोळ्यांसमोर उभे राहतात. टॅनचा अवकलज पाठ करून त्याचा व्यस्तांक घेणाऱ्या आजच्या रीतीत हे दर्शन हरवते, आणि म्हणून ही जुनी उपपत्ती वर्गात आधी शिकवली जावी असे वाटते.

युक्तिभाषा येथे थांबत नाही. स्पर्शिकेचे असे असंख्य तुकडे करून, १ भागिले (१ + क्ष²) या अपूर्णांकाची १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ अशी न संपणारी श्रेढी मांडून आणि सर्व तुकड्यांची बेरीज करून ती व्यस्त टॅनसाठी क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − क्ष⁷/७ … ही श्रेढी देते. मूळ फलन कोणत्याही मर्यादित बैजिक सूत्रात बसत नसले तरी अवकलज बसतो, आणि त्याची बेरीज करून मूळ फलन हवे तितके अचूक मिळते, हा या विषयाचा गाभा येथे पूर्ण होतो. क्ष ला १ ही किंमत दिली की ४५ अंशांचा कोन, म्हणजे पायचा चौथा हिस्सा, १ − १/३ + १/५ − १/७ … असा मिळतो. ही श्रेढी दिसायला सुंदर असली तरी फार संथ आहे. शंभर पदे मिळवूनही पायची किंमत ३.१३१६ येते, म्हणजे दुसरे दशांशस्थळही बरोबर येत नाही. माधवांनी ४५ ऐवजी ३० अंश घेतले, ज्यांचा टॅन १/√३ आहे, त्यामुळे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या एकतृतीयांशाहूनही लहान होत जाते. त्यांच्या नावावर असलेली किंमत ९,००,००० दशलक्ष व्यासाला २८,२७,४३,३३,८८,२३३ परिघ अशी आहे, आणि तिच्यावरून पाय ३.१४१५९२६५३५९ येतो, अकरा दशांशस्थळांपर्यंत बरोबर.

युरोपात ही श्रेढी स्कॉटलंडचे जेम्स ग्रेगरी यांनी १६७१ मध्ये एका पत्रात कळवली आणि लायबनिट्स यांनी पुढील काही वर्षांत स्वतंत्रपणे शोधली. १७०६ मध्ये जॉन मॅचिन यांनी ४५ अंशांचा कोन १/५ च्या व्यस्त टॅनची चौपट वजा १/२३९ चा व्यस्त टॅन असा मांडून पायची १०० दशांशस्थळे काढली. केरळातील या कामाची युरोपीय विद्वानांना माहिती झाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील चार्ल्स व्हिश यांच्या १८३४ च्या लेखामुळे. न्यूटन यांची वाटही बोधप्रद आहे : १६६९ च्या आपल्या लेखनात त्यांनी वर्तुळकंसाच्या वाढीचा दर घेऊन, त्यातील वर्गमूळाची श्रेढी करून, आधी व्यस्त साइनची श्रेढी मिळवली आणि ती उलटवून मग साइनची. शाळा-महाविद्यालयांत साइन आधी आणि व्यस्त साइन नंतर येते. शोधाच्या इतिहासात हा क्रम एकापेक्षा अधिक ठिकाणी उलटा आहे.

विद्यार्थ्यांना या विषयात सर्वाधिक चकवणारी जागा मात्र मुख्य मूल्याची आहे. बारावीच्या परीक्षेत हमखास दिसणारे एक उदाहरण घ्यावे : २क्ष भागिले (१ + क्ष²) याच्या व्यस्त साइनचे अवकलन करा. क्ष च्या जागी टॅन थ घातले की आतली राशी २थ ची साइन होते, म्हणून उत्तर २थ, म्हणजे व्यस्त टॅनची दुप्पट, आणि अवकलज २ भागिले (१ + क्ष²), असे झरझर लिहिले जाते. हे उत्तर क्ष उणे १ आणि १ यांच्या दरम्यान असेल तरच खरे आहे. क्ष २ असेल तर आतली राशी ४/५, म्हणजे ०.८, आणि तिचा व्यस्त साइन ५३.१३ अंश, उलट २ च्या व्यस्त टॅनची दुप्पट १२६.८७ अंश होते, जी व्यस्त साइनच्या पट्ट्याबाहेर आहे. क्ष २ वरून २.१ केला तर व्यस्त साइन ५०.९३ अंशांवर उतरतो, म्हणजे फलन येथे घटत आहे आणि अवकलज उणे २ भागिले (१ + क्ष²) आहे. क्ष बरोबर १ असताना आलेखाला टोक येते आणि तेथे अवकलजच नसतो. प्रश्नात क्ष ची मर्यादा दिलेली नसेल, तर एकच सूत्र लिहिलेले उत्तर अपुरे आहे, मग ते उत्तरपत्रिकेत असो वा मार्गदर्शक पुस्तकात.

अवकलजाचा आकार लहान की मोठा, याला व्यवहारातही महत्त्व आहे, कारण मोजणीतील चूक कोनात उतरताना अवकलजाने गुणली जाते. पृथ्वीवरील दोन ठिकाणांचे अंतर त्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढण्याच्या एका प्रचलित सूत्रात शेवटी व्यस्त कोसाइन घ्यावा लागतो. ठिकाणे एकमेकांपासून एक किलोमीटरवर असतील, तर केंद्राशी होणाऱ्या कोनाची कोसाइन १ पेक्षा सुमारे ०.०००००००१२ ने, म्हणजे आठव्या दशांशस्थळावर एकने, कमी असते. सात स्थळांपर्यंतच्या कोष्टकात ती सरळ १ दिसते आणि अंतर शून्य निघते. व्यस्त कोसाइनचा दर तेथे अफाट असल्याने आठव्या स्थळावरची बारीकशी चूक एक किलोमीटर गिळून टाकते. म्हणूनच नाविकांनी अर्ध्या कोनाच्या साइनच्या वर्गावर आधारलेले हॅवरसाइन सूत्र स्वीकारले, ज्यात जवळच्या ठिकाणांसाठी व्यस्त साइन शून्याजवळ घेतला जातो आणि तेथे त्याचा दर अवघा १ असतो. व्यस्त टॅन याहून विश्वासू आहे, कारण १ भागिले (१ + क्ष²) ही राशी कधीही १ पेक्षा मोठी होत नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे दिशा काढण्यासाठी शक्य तेथे व्यस्त टॅन वापरतात ते याच कारणाने.

जर्मन गणितज्ञ रेजिओमाँटानस यांनी १४७१ मध्ये विचारलेला प्रश्नही याच अवकलजाने चुटकीसरशी सुटतो : उंचावर टांगलेली उभी काठी कोठे उभे राहून पाहिली असता सर्वांत मोठी दिसेल? काठीचे खालचे टोक डोळ्यांच्या पातळीपासून ४ मीटर आणि वरचे ९ मीटर उंच असेल, तर दृष्टिकोन म्हणजे ९ भागिले अंतर आणि ४ भागिले अंतर यांच्या व्यस्त टॅनमधील फरक. दोन्हींचे दर समान झाले की अंतराचा वर्ग ९ गुणिले ४, म्हणजे ३६, येतो; सहा मीटरवरून काठी २२.६ अंशांची दिसते आणि त्याहून पुढे किंवा मागे सरकल्यास लहान होते.

वर्गमूळातील क्ष² च्या जागी क्ष⁴ घातला तर काय होईल, असा प्रश्न सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दिसणाऱ्या एका वक्राची लांबी मोजताना उभा राहिला. १ भागिले √(१ − क्ष⁴) हा ज्याचा अवकलज आहे असे कोणतेही फलन तोवर माहीत असलेल्या फलनांत बसत नव्हते. गाउस यांनी १७९७ मध्ये, आणि त्यांचे काम अप्रकाशित असल्याने स्वतंत्रपणे नॉर्वेचे नील्स आबेल यांनी, व्यस्त साइनचाच मार्ग येथे वापरला : अवकलजावरून मिळणाऱ्या राशीला व्यस्त फलन मानले आणि ती उलटवून मूळ फलन निर्माण केले. आबेल यांचा निबंध १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रीतीने जन्मलेल्या फलनांना विवृत्तीय फलने म्हणतात, आणि लंबकाचा झोका मोठा असेल तर त्याची गती साइनने नव्हे, या फलनांनीच अचूक सांगता येते.